‘मला पडू द्या’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

गेल्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, घराच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर म्हणाले, लगेच उभं करायला लागा. आप्पा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यभर पहाटे पाचला उठणारा माणूस. पण वॉकर समोर आणला की तोंड फिरवायचे. "बास झालं आता. मला पडू द्या."

मी पुण्यातून रोज व्हिडिओ कॉल करायचो. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे त्यांच्या फोनमध्ये दर दोन तासांनी वाजणारा रिमाइंडरही टाकून दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनच बंद करून ठेवला.

तेव्हा मला खरा प्रश्न पडला. शुद्धीत असलेला, सत्तरी ओलांडलेला, समजूतदार माणूस ‘नको’ म्हणतोय. त्याला उठवायचा मला काय हक्क?

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर ज्याच्यासमोर होता, अशा एका माणसाबद्दल मी त्या दिवसांत वाचत होतो. लुडविग गुटमन. जर्मनीतला ज्यू न्यूरोलॉजिस्ट, नाझींमुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आलेला. १ फेब्रुवारी १९४४ ला एल्सबरीजवळच्या स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये मणक्याला जखम झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू झाला आणि तो त्याच्या हाती आला. कमरेखाली लुळा पडलेला सैनिक फार काळ जगणार नाही, हे तेव्हा जवळजवळ सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. मरण बऱ्याचदा यायचं ते पडून पडून झालेल्या जखमा चिघळल्यामुळे आणि लघवीच्या संसर्गामुळे.

गुटमनने नियम केला: प्रत्येक पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. नियम पाळला जातोय का ते बघायला तो स्वतः रात्री वॉर्डात फिरायचा. मग पेशंटना बसवणं, व्यायाम, हाताला काम, खेळ. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, हॉस्पिटलच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ माजी सैनिकांनी, स्त्रिया धरून, धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते. १९७२ च्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर आपल्या सांगलीकडचेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान.

गोष्ट इथे थांबवली तर ती स्टेटसला टाकण्याजोगी आहे. पण गुटमन कडक होता, हुकूम सोडणारा होता. "मला पडू द्या" म्हणणारे त्याच्याकडेही असणारच. तो त्यांची परवानगी घेत बसला नाही. मग तो बरोबर होता का?

त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. १९४४ मधला तो सैनिक ‘नको’ म्हणायचा तेव्हा त्याच्यासमोर पर्याय कुठे होता? लुळं पडूनही नोकरी करणारा, संसार करणारा माणूस त्याने पाहिलेलाच नव्हता. डॉक्टरांनी, घरच्यांनी, सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल दिला होता. तोच निकाल त्याच्या तोंडून बाहेर पडत होता. अर्धीच माहिती हातात असताना दिलेलं उत्तर अंतिम मानायचं नसतं, हे आम्ही कोड लिहितानाही शिकतो.

पण हाच मुद्दा धोकादायक आहे. "तुझं ‘नको’ खरं तुझं नाहीच," हे वाक्य प्रत्येक हुकूमशहाला, आणि मुलांची लग्नं ठरवणाऱ्या प्रत्येक घराला सोयीचं असतं. मग फरक करायचा कशावरून?

मला दोन कसोट्या सापडल्या. पहिली: जबरदस्ती करणारा स्वतः किती कष्ट उपसतो? रात्री दोन वाजता वॉर्डात येणाऱ्याला आग्रहाचा थोडा तरी अधिकार आहे. पुण्यात बसून रिमाइंडर लावणाऱ्याला नाही. दुसरी: जबरदस्ती दिवसागणिक कमी होते का? पेशंटला आपली गरजच उरू नये, या दिशेने जाणारा आग्रह वेगळा आणि त्याला कायम मुठीत ठेवणारा वेगळा.

एका बाबतीत मात्र गुटमन मला खटकतो. पेशंट पुन्हा कमावता, कर भरणारा नागरिक व्हावा, हे तो अभिमानाने ध्येय म्हणून सांगायचा. सरकारकडून पैसे मिळवायला हे बोलणं उपयोगी पडत असेल. पण जो कमावता होणारच नाही, त्याचं काय? खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये वर्षानुवर्षं राहणारे जवान आहेत. ‘किती घरी गेले’ एवढाच आकडा डॅशबोर्डवर ठेवला, तर त्यांची रोज बदललेली कूस कुठेच मोजली जाणार नाही.

मी लॅपटॉप घेऊन दोन आठवडे गावी गेलो. रात्री आप्पांना मीच उठवायचो. चौथ्या-पाचव्या रात्री ते अंधारात म्हणाले, "सुनेनं धरून संडासला न्यायचं, ह्यापेक्षा मेलेलं बरं लेका." इतके दिवस आम्ही त्यांच्या ‘नको’वर वाद घालत होतो. ते कशाला ‘नको’ म्हणतायत, हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून एकच ध्येय ठरलं: खाटेपासून संडासापर्यंत, एकट्याने. अकरा पावलं. त्याला त्यांनी नाही म्हटलं नाही.

आता ते तिथवर जातात आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. फिजिओथेरपिस्टच्या मते अजून बरंच सुधारता येईल. आप्पा म्हणतात, "पुढचं नको." पहिल्या ‘नको’च्या वेळी त्यांना चालता येईल हेच माहीत नव्हतं. हे दुसरं ‘नको’ चालून पाहिलेल्या माणसाचं आहे. ते मी ऐकलंय. ते चुकीचं निघालं, तर ती चूक त्यांची स्वतःची असेल, आणि तेवढा हक्क त्यांचा आहे असं मला वाटतं.