तिखट कानांचं मोजमाप

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त होऊन बोलू लागला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्टेशनं किती खेचतो?" उत्तर आकड्यात द्यायला बसलं, की हा साधा प्रश्न चांगलाच छळतो.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सनं 1930च्या दशकात यासाठी रीत घालून दिली. सिग्नल जनरेटरमधून 400 हर्ट्झच्या सुराचं 30 टक्के मॉड्युलेशन असलेला सिग्नल सोडायचा, सेटचा आवाज पूर्ण वाढवायचा आणि आउटपुटला 50 मिलिवॅट मिळेपर्यंत सिग्नल चढवत न्यायचा. त्यासाठी जितके मायक्रोव्होल्ट लागले, ती त्या सेटची संवेदनक्षमता. आकडा जितका लहान, तितके कान तिखट. छपरावरच्या तारेची जागा मध्ये जोडलेली 'डमी एरियल' घेते: कपॅसिटर, कॉइल आणि रेझिस्टर कोंबलेली एक डबी.

रीत नीटस आहे, पण त्या 50 मिलिवॅटमध्ये सूर किती आणि खरखर किती, हे ती विचारतच नाही. अॅम्प्लिफिकेशनचा आणखी एक टप्पा जोडला की आकडा झटकन सुधारतो. ऐकू मात्र तेवढंच येतं, फक्त मोठ्यानं. जाहिरातीला असला आकडा सोयीचाच.

खरखरीचं मूळ 1928 साली बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी उलगडलं. कुठलाही रेझिस्टर, नुसता टेबलावर पडलेला असला तरी, उष्णतेमुळे स्वतःच गुणगुणत असतो. 400 ओमचा रेझिस्टर आणि 10 किलोहर्ट्झची बँडविड्थ धरली, तर खोलीच्या तापमानाला हे गुणगुणणं सुमारे पाव मायक्रोव्होल्ट भरतं. घरगुती सेटमधला फ्रिक्वेन्सी चेंजर, म्हणजे आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारा व्हॉल्व्ह, तर याहून कितीतरी गोंगाटी. त्याच्या आत इलेक्ट्रॉन काही या ग्रिडकडे, काही प्लेटकडे असे वाटले जातात आणि ती वाटणी क्षणाक्षणाला हलते. म्हणून मला 50 मिलिवॅटपेक्षा नंतर रुळलेली कसोटी पटते: सूर खरखरीच्या 10 डेसिबल वर यायला किती सिग्नल लागतो? इथे सेटला स्वतःची बडबड लपवता येत नाही.

प्रत्यक्ष मोजायला बसा, म्हणजे आणखी एक गंमत कळेल. जनरेटरचा अॅटेन्युएटर तळापर्यंत उतरवलेला असतो, तरी स्पीकरमधून तो 400चा सूर बारीक येतच राहतो. केबलजवळ हात नेला की वाढतो, मेन्सची वायर हलवली की कमी होतो. सिग्नल डमी एरियलला वळसा घालून, जनरेटरच्या पत्र्याच्या फटींतून आणि मेन्सच्या वायरीतून थेट सेटमध्ये शिरत असतो. अशा वेळी एक मायक्रोव्होल्ट लिहून ठेवणं म्हणजे गळक्या मापानं दूध मोजणं. चांगल्या जुन्या जनरेटरांचं वजन उचलताना कंबर का धरते, हे तेव्हा समजतं: आत एका शिल्डिंगच्या डब्यात दुसरा डबा असतो.

एवढं करून हाती आलेला आकडा बाहेरच्या जगात कितपत उपयोगी पडतो, ते बँडवर अवलंबून आहे. मीडियम वेव्हवर दूरदूरच्या विजांची कडकड सेटच्या खरखरीला सहज बुडवते, आणि आपल्याकडे वळवाच्या दिवसांत तर विचारूच नका. तिथे बहुतेक कंपन्यांनी फ्रिक्वेन्सी चेंजरच्या आधीच्या आरएफ स्टेजचा खर्च वाचवला, तो कंजूषपणा नव्हता. शॉर्ट वेव्हवर जसजसं वर जावं तसतसा हा गोंगाट उतरतो आणि सेटचा स्वतःचा आवाज उघडा पडतो. रेडिओ सिलोनची गाणी ऐकायला रात्री कानाला रेडिओ लावून बसणाऱ्यांना महागड्या सेटमधली ती जादा स्टेज खरोखर उपयोगी होती. त्याही वर गेलं तर आकाशच बोलू लागतं. 20.5 मेगाहर्ट्झवर खरखरीचा माग काढणाऱ्या कार्ल जान्स्कीला 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा एक उगम आकाशगंगेत सापडला.

आता फ्लॅटमध्ये एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर असा काही कालवा करतात, की 5 मायक्रोव्होल्टचा सेट आणि 50 मायक्रोव्होल्टचा सेट तिथे सारखेच बहिरे. "खेचत नाही" अशी तक्रार आली, की मी मालकाला आधी घरातले दिवे आणि चार्जर बंद करून ऐकायला सांगतो. फ्रिक्वेन्सी चेंजर बदलायचा की नाही, ते त्यानंतर.