तपशिलाची रुजवात

सन 2001 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' या चित्रपटात नायिकेच्या मस्तकावर सुमारे 60,000 केस होते, आणि त्यांतील प्रत्येक केस तिच्या मानेच्या हालचालीबरोबर स्वतंत्रपणे हालावा अशी तजवीज संगणकाकरवी केलेली होती. त्याच नावाची व्हिडिओ गेमची विख्यात मालिका निर्माण करणारे हिरोनोबु साकागुची हेच या चित्रपटाचे दिग्दर्शक. आपल्या खेळांतील ठिपक्यांच्या बाहुल्यांना अखेर मनुष्याचे शरीर मिळावे, ही त्यांची आकांक्षा असावी असे मानावयास हरकत नाही. शरीर मिळाले खरे. त्वचेवरील सूक्ष्म डागही मिळाले. परंतु ही स्त्री कोणत्या प्रसंगी खोटे बोलेल, तिला कोणाचा हेवा वाटत असेल, रागावल्यावर ती अबोला धरील की भांडेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाजवळ नव्हते. चित्रपट आर्थिकदृष्ट्या कोसळला आणि त्यासाठी होनोलुलू येथे उभारलेला स्टुडिओ बंद करावा लागला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण त्यापूर्वी वीस वर्षांचे आहे. 1981 सालच्या 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरु मियामोतो यांना जो नायक काढावयाचा होता, त्याच्या वाट्याला पडद्यावरचे मोजके ठिपके आले होते. तेवढ्यात तोंड काढणे शक्य नाही म्हणून मिशी, केस हालविणे जमत नाही म्हणून टोपी, आणि धावताना हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचा कामकऱ्याचा पोषाख, अशा अडचणींच्या पोटी पुढे 'मारिओ' या नावाने जगभर ओळखली गेलेली मूर्ती जन्मास आली. या दोन हकिगती शेजारी ठेवून काही समीक्षक साधनांच्या दारिद्र्याचे स्तोत्र गाऊ लागतात. मला ते पटत नाही. मारिओ लोभस आहे, पण मिशी म्हणजे स्वभाव नव्हे. पंचेचाळीस वर्षे उड्या मारूनही त्या गृहस्थाच्या अंतःकरणाचा थांग कोणास लागलेला नाही, आणि तो लागावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. सारांश, तपशिलाची विपुलता ज्याप्रमाणे पात्राला खोली देत नाही, त्याचप्रमाणे त्याची टंचाईही देत नाही. प्रश्न संख्येचा नसून, तो तपशील कोणाच्या नजरेस पडतो आणि पडल्यावर त्या नजरेच्या धन्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, याचा आहे.

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित वाटू नये, कारण आपल्या कादंबरीने तो एकोणिसाव्या शतकातच एकदा निकालात काढला आहे. 1861 सालच्या 'मुक्तामाले'त वर्णनांचा थाट मोठा. परंतु हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिताना सारी कथा नायिका यमुनेच्याच तोंडून वदविली, आणि ज्या घरातील माजघर, न्हाणीघर, सोवळे-ओवळे यांत वर्णन करण्याजोगे काही आहे असे पूर्वी कोणास वाटले नसते, तेथील क्षुल्लक वस्तूसुद्धा तिच्या दुःखाच्या साक्षीदार होऊन उभ्या राहिल्या.

चित्रपटात हीच गोष्ट कॅमेऱ्याच्या द्वारा घडते, आणि तिचे आपल्याकडील उत्कृष्ट उदाहरण मला प्रभात फिल्म कंपनीच्या 1936 सालच्या 'संत तुकाराम'मध्ये दिसते. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. फत्तेलालांचा हात मूळचा चित्रकाराचा, त्यामुळे देहूचे ते घर, तो गोठा, ते अंगण यांत कोठेही नाटकाच्या पडद्याचा भास होत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला अर्थातच चमत्कारांचे आकर्षण अधिक असणार. तुकोबांना वैकुंठास नेणारे विमान पडद्यावर पाहून हजारोंचे हात जोडले गेले असतील. आज ते विमान पाहून शाळकरी मुलगाही हसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण दृश्याचा जो भाग केवळ थक्क करण्यासाठी निर्माण केलेला असतो, तो पुढच्या पिढीचे यंत्र येताच निकामी होतो. परंतु त्याच चित्रपटात गौरीने साकारलेली जिजाई आजारी पोराला ओढत, हातात पायताण घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरते, त्या प्रसंगावर नव्वद वर्षांत धुळीचा कण बसलेला नाही. वस्तू किती साधी! रोज पायांत चढणारे ते पायताण. पण त्यात त्या बाईच्या संसाराचा सबंध जमाखर्च सामावलेला आहे : नवऱ्याच्या भक्तीपायी रिकामी राहिलेली चूल, लेकराचा ताप, आणि या साऱ्यास जबाबदार कोण याविषयीची तिची निःशंक खात्री. देवाला धडा शिकविण्यासाठी निघालेली ही स्त्री नास्तिक खचित नाही; ज्याचे अस्तित्वच मान्य नाही, त्याला पायताण दाखवावयास कोणी जात नसते. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा पूज्य वाटतो; जिजाई ओळखीची वाटते, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा भार तिनेच वाहिलेला आहे. शेवटी वैकुंठास जातो तो तुकोबा. ती मागेच राहते.

परंतु चित्रपटाचा प्रेक्षक कितीही हेलावला तरी पायताण त्याच्या हातात नसते. व्हिडिओ गेमने हा हिशेब बदलला, आणि या कलाप्रकाराला पोरखेळ म्हणून झिडकारणाऱ्या विद्वानांच्या लक्षात नेमके हेच येत नाही. 2018 साली आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन 2' हा अमेरिकेतील 1899 सालच्या दरोडेखोरांचा खेळ घ्या. आर्थर मॉर्गन या नायकाची दाढी दिवसागणिक वाढते, घोड्याच्या अंगावर चिखल चढतो, बंदूक साफ न केल्यास तिचा मारा ढिला पडतो. खेळाच्या कौतुकात या गोष्टी पुनःपुन्हा सांगितल्या जातात, आणि मला त्यांचे फारसे अप्रूप वाटत नाही, कारण हे श्रीमंताघरचे नक्षीकाम आहे, असले तर शोभा, नसले तर अडत नाही. त्या खेळातील खरा तपशील म्हणजे एक खोकला. आर्थरच्या टोळीतील एक इसम सावकारी करतो आणि थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी आर्थरला पाठवितो. टॉमस डाउन्स हा आजारी शेतकरी तगाद्याला दाद देत नाही; आर्थर त्याला बडवितो, आणि मार खाता खाता तो आर्थरच्या तोंडावर रक्ताची गुळणी खोकतो. खेळणारा पुढे निघून जातो. असल्या शंभर मारामाऱ्यांतील ती एक. पुष्कळ काळाने आर्थर भर रस्त्यात कोसळतो, वैद्य क्षयाचे निदान करतो, आणि मग त्या वसुलीची आठवण झालेल्या खेळणाऱ्याला कळते की आपण ज्या बोटाने कळ दाबून तो मार दिला, त्याच बोटाने या माणसाचा मृत्यू लिहिला. येथून पुढे आर्थरचे ओढलेले गाल, तांबारलेले डोळे, बोलताना लागणारी धाप हे सारे दृश्य तपशील एकाएकी अर्थाने जड होतात. दाढी पूर्वीही वाढत होतीच, परंतु आता ती मरणाऱ्या माणसाची दाढी असते.

तरीही असा परिणाम साधण्यासाठी दृश्यांवर इतका खर्च अनिवार्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर लुकास पोप यांनी एकट्याच्या बळावर दिले आहे. हे गृहस्थ पूर्वी 'नॉटी डॉग' या, दृश्यवैभवासाठी नाव मिळविलेल्या अमेरिकन कंपनीत नोकरीस होते. ती सोडून त्यांनी 2013 साली 'पेपर्स, प्लीज' हा खेळ काढला. त्याच वर्षी त्या कंपनीचा 'द लास्ट ऑफ अस' प्रसिद्ध झाला, ज्यात पात्रांच्या चेहऱ्यावरील स्नायूनस्नायू बोलका होता. पोप यांच्या खेळात मात्र माणसांचे चेहरे मळकट रंगांच्या ओबडधोबड ठिगळांचे. खेळणारा म्हणजे आरस्तोत्स्का नामक काल्पनिक हुकूमशाही राज्याच्या सरहद्दीवरील नाक्यावर बसविलेला एक कारकून. काळ 1982 चा. खिडकीसमोर एकेक प्रवासी येतो, दस्तऐवज सरकवितो, आणि पारपत्राची मुदत, जारी करणाऱ्या शहराचे नाव, मुद्रा, उंची, वजन, छायाचित्र या सर्वांची रुजवात करून हिरवा किंवा तांबडा शिक्का मारावयाचा. जितकी माणसे तपासाल तितका मेहनताना. चुका वाढल्या की दंड. दिवसाअखेर त्या तुटपुंज्या रकमेतून घरभाडे, अन्न आणि ऊब यांची तोंडमिळवणी करावयाची, न झाली तर घरातील माणसे आजारी पडून मरतात. रोज नवे फर्मान निघते, रोज एखादा नवा दाखला आवश्यक ठरतो.

येथे तपशील पाहणे हेच काम आहे. न पाहील तो उपाशी मरेल. अशात एक पुरुष येतो, त्याचे कागद बिनचूक. जाताना तो विनवितो की रांगेत मागे माझी बायको आहे, तिच्यावर दया करा. बायको येते, तिच्याजवळ प्रवेशपरवाना नाही, आणि परत धाडले तर आपला जीव जाईल असे ती सांगते. ते चेहरे इतके अस्पष्ट की त्यांवरील अश्रू दाखविण्याचीही सोय नाही. तरीदेखील खेळणाऱ्याचा हात शिक्क्यावर अडखळतो, आणि नियम मोडून तिला आत घेतल्यावर पाठोपाठ ताकीद छापून येते तेव्हा त्याला विलक्षण समाधान वाटते; पण त्याहून विलक्षण गोष्ट अशी की दिवसाचा कोटा आधीच चुकांनी भरला असेल, घरी मूल आजारी असेल, तर तोच सज्जन खेळणारा तांबडा शिक्का मारून पुढच्याला हाक घालतो. या कारकुनाला नाव नाही, चेहरा नाही, पूर्वचरित्र जवळजवळ नाही. त्याची खोली म्हणून जी काही आहे ती खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कच्चेपणातून खणून काढलेली आहे, आणि सत्तेच्या यंत्रात सामान्य माणूस क्रूर कसा होतो याविषयी एवढी बोचरी कैफियत मी अलीकडच्या फार थोड्या कादंबऱ्यांत वाचली आहे.

मात्र या पद्धतीलाही मर्यादा आहे, आणि ती पोप यांच्याच पुढच्या कृतीत दिसते. आर्थर मॉर्गनच्याच वर्षी, म्हणजे 2018 साली, त्यांनी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा केवळ दोन रंगांत काढलेला खेळ आणला. येथे खेळणारा ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करणारा विमा-निरीक्षक आहे. 1807 साली माणसांविना परतलेल्या जहाजावरील 60 जणांचे काय झाले, हे त्याने वहीत भरावयाचे. कोणाचे नाव कोणते, हे निजण्याच्या झोळीवरचा क्रमांक, पायांतील जोडे, बोलण्याची ढब, मृत्यूच्या क्षणी शेजारी कोण उभे होते, असल्या बारकाव्यांवरून ठरवावे लागते. पाहण्याची इतकी कसून परीक्षा घेणारी दुसरी कलाकृती मला ठाऊक नाही. परंतु सारी वही बिनचूक भरल्यावरही त्यांपैकी बहुतेक माणसे आपल्याला परकीच राहतात, कारण आपला निर्णय त्यांच्या मरणाला स्पर्शच करू शकत नाही. आपण फक्त नोंद करतो. त्या जहाजावर हिंदी खलाशीही आहेत. त्यांचा शोध घेताना मी यादीतील नाव, झोळीचा आकडा आणि मरणाचे कारण जुळवीत गेलो. जुळले तेव्हा आनंद झाला, आणि मग ध्यानात आले की कंपनी सरकारच्या दप्तराला त्यांच्याविषयी एवढेच हवे होते. पोप यांनी हे जाणूनबुजून साधले असे म्हणावे की आपसूक घडले म्हणावे, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. खेळाच्या बाजूने एवढे सांगता येईल की त्याने खेळणाऱ्याला त्या दप्तराच्याच खुर्चीत बसविले आणि तेथून उठण्याची मुभा दिली नाही.