जागा पवित्र कशाने होते? माँट्रियलच्या बर्फमैदानाची साक्ष

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील माँट्रियल शहरात बेल सेंटर ही इमारत 16 मार्च 1996 रोजी खुली झाली. तेव्हा तिचे नाव मोल्सन सेंटर होते. शहराचा ‘कॅनेडियन्स’ हा आइस हॉकी संघ तिथे खेळतो. सामन्याला सुमारे 21,000 प्रेक्षक बसतात, आणि सामना नसतो तेव्हा त्याच छताखाली गाण्याचे मोठे कार्यक्रम होतात. या संघाच्या जर्सीला क्युबेकचे फ्रेंच भाषक ‘पवित्र फ्लॅनेल’ म्हणतात. माँट्रियल विद्यापीठात 2009 साली ऑलिव्हिए बावेर या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने या संघाच्या ‘धर्मा’वर अभ्यासक्रम शिकवला. हे सारे नुसते लाडाने चाललेले नाही. ज्या जागेचा वापर रात्रीत पालटतो, जिचे तिकीट विकले जाते, ती जागा कोणत्या अर्थाने पवित्र म्हणता येईल, हा धर्मविचारातला खरा प्रश्न आहे.

वापर पालटण्याची रीत आधी पाहिली पाहिजे. हॉकीचे बर्फमैदान, म्हणजे रिंक, सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद असते. खाली काँक्रीटची लादी, तिच्यात नळ्यांचे दाट जाळे, आणि नळ्यांतून फिरणारा अतिथंड द्रव. लादीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत नेतात. मधल्या थरांवर पांढरा रंग देऊन लाल-निळ्या रेषा आखतात आणि वर पुन्हा पाणी गोठवतात. तयार बर्फाची जाडी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर असते. गाण्याचा कार्यक्रम असला म्हणून हा बर्फ वितळवत नाहीत. त्यावर उष्णता अडवणारे तक्ते एकमेकांत अडकवून पसरतात, एका टोकाला मंच उभारतात, बाकी जागेत खुर्च्या मांडतात. हजारो माणसे त्या तक्त्यांवर उभी राहून नाचतात, तेव्हाही पायाखाली बर्फ आणि त्यातल्या रेषा जागच्या जागी असतात. कार्यक्रम आटोपला की तक्ते निघतात, झॅम्बोनी यंत्र ओरखडलेला पृष्ठभाग खरवडून त्यावर पाणी सोडत जाते, आणि मैदान पुन्हा खेळाचे होते.

पवित्र स्थानाविषयी विसाव्या शतकात दोन मोठी मते मांडली गेली. मिर्चा एलिआदे यांनी 1957 च्या ‘पवित्र आणि लौकिक’ या ग्रंथात म्हटले, की श्रद्धावंताला सगळी भूमी सारखी नसते. एखाद्या ठिकाणी पवित्र तत्त्व प्रकट होते आणि ते ठिकाण जगाचा मध्य बनते. माणूस ते निवडत नाही, त्याला ते सापडते. त्याच्या आधी, 1912 मध्ये, एमिल द्युर्केम यांनी उलट बाजू मांडली होती. पावित्र्य वस्तूच्या अंगी नसते, समाज ते तिच्यावर चढवतो. माणसे एकत्र जमली की त्यांच्यात एक उसळी येते. तिचे मूळ आपल्याच समुदायात आहे हे न उमगल्याने ती समोरच्या चिन्हाची शक्ती मानली जाते. पुढे जोनाथन झेड. स्मिथ यांनी 1987 मध्ये आणखी एक दुवा जोडला: विधी म्हणजे लक्ष एकवटणे, आणि जागा हे लक्ष एकवटण्याचे साधन. स्वतःहून पवित्र असे काहीच नसते.

बेल सेंटरच्या बाबतीत एलिआदे यांचे मत टिकणे कठीण आहे. तिथे काही प्रकट झाले म्हणून इमारत बांधली नाही. विंडसर स्थानकालगत जागा मिळाली म्हणून बांधली. पण द्युर्केम यांचे मतही जसेच्या तसे पुरत नाही. गर्दीची उसळी विरून जाते, मग उरते ते काय? याचे उत्तर जुन्या मैदानाच्या इतिहासात शोधावे लागते.

ते मैदान म्हणजे माँट्रियल फोरम. 29 नोव्हेंबर 1924 रोजी ते खुले झाले आणि 11 मार्च 1996 पर्यंत तिथे सामने झाले. हॉकीतला सर्वोच्च मान असलेला स्टॅनले करंडक कॅनेडियन्सनी 24 वेळा जिंकला, त्यांपैकी 22 या काळातले. पण फोरम एकट्या हॉकीचे नव्हते. 8 सप्टेंबर 1964 रोजी बीटल्स तिथे गायले. 18 जुलै 1976 रोजी ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला तिथेच पूर्ण 10 गुण मिळाले. एवढा आकडा दाखवण्याची सोय गुणफलकात नव्हती, म्हणून त्यावर 1.00 असे उमटले.

फोरमला गांभीर्य आले ते मात्र एका मृत्यूने. संघाचा लाडका खेळाडू हॉवी मोरेन्झ याचा पाय 28 जानेवारी 1937 च्या सामन्यात तिथेच मोडला, आणि 8 मार्चला तो इस्पितळात वारला. 11 मार्चला त्याचे पार्थिव फोरममध्ये, जिथे तो खेळला त्या रिंकच्या मध्यभागी ठेवले गेले आणि अंत्यविधीही तिथेच झाला. हजारो लोक शवपेटीपुढून गेले. विजयाच्या रात्री जे लोक ओरडत असत तेच त्या दिवशी निःशब्द रांगेत होते. गर्दीच्या उसळीने ही गोष्ट उलगडत नाही. पुन्हा पुन्हा येऊन लोकांनी त्या जागेला जे लक्ष दिले होते, ते तिथे साठत गेले होते आणि दुःखाच्या वेळी उपयोगी पडले. स्मिथ यांचे म्हणणे इथे सर्वांत जवळ येते. फक्त त्यात काळाची भर घालायला हवी. एका विधीने जागा लक्षवेधी होते, पवित्र व्हायला पिढ्या लागतात.

मग असे पावित्र्य हलवता येते का? 11 मार्च 1996 च्या अखेरच्या सामन्यानंतर जुने कर्णधार बर्फावर आले. त्यांतले सर्वांत लाडके मोरिस रिशार यांच्यासाठी प्रेक्षक कित्येक मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग पेटती मशाल एका कर्णधाराकडून दुसऱ्याकडे जात शेवटी त्या वेळच्या कर्णधाराच्या हाती आली, आणि काही दिवसांनी मिरवणुकीने नव्या इमारतीकडे निघाली. अंतर दोनेक किलोमीटरच्या आतले. हे स्थलांतर धर्माच्या इतिहासाला अपरिचित नाही. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या भयाने गोव्यातल्या कुशस्थळीचा देव मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला, आणि आज मंगेशी म्हणजे प्रियोळचेच देऊळ. तिथे देवाबरोबर कुळाचारही गेला, म्हणून देव नव्या जागी रुजला. फरक नजरेआड करून चालणार नाही: तिथे श्रद्धा वाचवायची होती, इथे जास्त आसने आणि महागडे कक्ष हवे होते. तरीही दोन्हीकडे गाभा एकच दिसतो. लोक गेले तर पावित्र्य त्यांच्याबरोबर जाते, नुसते सामान हलवून ते जात नाही.

फोरमच्या जागी पुढे सिनेमागृहे आणि दुकाने आली. रिंकच्या केंद्राची खूण आणि थोडी जुनी बाके तेवढी राखली गेली. नव्या इमारतीत संघाला अजून करंडक जिंकता आलेला नाही. शेवटचा 1993 चा, आणि 2021 मध्ये अंतिम फेरीत हार झाली. फोरममध्ये संघाला साथ देणारी मानलेली भुते मशालीबरोबर आली नाहीत, असे चाहते म्हणतात. तर्काला हे पटणार नाही, पण त्यात एक खरी जाणीव आहे: स्मृतीला पत्ता लागतो, आणि नव्या पत्त्यावर ती नव्याने साठवावी लागते.

ती नव्या इमारतीत साठत गेली, आणि केवळ हॉकीने नव्हे. लेनर्ड कोहेन हा कवी-गायक माँट्रियलचाच. त्याच्या मृत्यूला वर्ष होत असताना, 6 नोव्हेंबर 2017 रोजी, बेल सेंटरमध्ये त्याची गाणी इतरांनी गायली. श्रद्धावंताच्या शंका आयुष्यभर गाण्यात मांडणाऱ्या माणसाला त्याच्या गावाने निरोप दिला तो सभागृहात नव्हे, हॉकीच्या इमारतीत. गाण्याने मैदान बाटते असे म्हणणाऱ्यांना हा प्रसंग पुरेसे उत्तर आहे. निष्ठेने जमलेल्या माणसांना तिथे खेळ आणि गाणे अशी दोन प्रकारची कामे करता येतात, आणि दोन्ही एकमेकांना बळ देतात.

राहिला तो सर्वांत अवघड मुद्दा: मग हा धर्मच म्हणायचा का? 1960 च्या दशकात क्युबेकमध्ये ‘शांत क्रांती’ झाली. शाळा आणि इस्पितळे चर्चकडून सरकारकडे गेली आणि रविवारची प्रार्थना झपाट्याने ओस पडली. ती रिकामी जागा हॉकीने भरली, असे सरसकट सांगितले जाते. तारखा याला दुजोरा देत नाहीत. चर्चचा अंमल पुरा असताना, 1937 मध्ये, मोरेन्झचा अंत्यविधी फोरममध्ये झाला. उलट 2000 साली, चर्चे ओस पडल्यावर, मोरिस रिशार वारले तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन हॉकीच्या इमारतीत घेतले, पण 31 मे रोजी अंत्यविधी नोत्र-दाम बॅसिलिकात, कार्डिनल जाँ-क्लोद त्युरकोत यांच्या हस्ते झाला. हॉकीने धर्माची जागा घेतली असती तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता. मैदान आणि चर्च शेजारी राहिले. एकत्र येणे, आठवणे, शोक करणे हे मैदानाला साधते. मेलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न मात्र त्याच्यापाशी कोणी घेऊन येत नाही, आणि अंत्यदर्शनाच्या त्या रांगेतल्या लोकांनीही तो दुसऱ्या दिवशी बॅसिलिकाकडेच नेला.