न दिसणाऱ्या हानीचा दोष

ओढ्याच्या वरच्या अंगास घाण टाकणाऱ्यास खालच्या वाडीतले आजारी मूल दिसत नाही. म्हणून तो निर्दोष ठरतो काय? समुद्रातील पोवळ्यांच्या खडकांविषयी हाच प्रश्न आज आपणां सर्वांपुढे आहे.

पोवळे पाषाणासारखे दिसते, परंतु ते लहान लहान प्राण्यांनी बांधिलेले घर होय. त्यांच्या अंगांत अतिसूक्ष्म शेवाळ वसते व सूर्यप्रकाशाच्या योगाने अन्न करून त्यांस पोशिते. पाणी नेहमीपेक्षा एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, म्हणजे ही सोबत तुटते. पोवळे पांढरे पडते, आणि ताप न उतरल्यास उपासमारीने मरते. १९९८ साली आपल्या लक्षद्वीप बेटांवर हा घाला पडला. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस असलेल्या २,३०० किलोमीटरांच्या रांगेवर तो २०१६ पासून २०२४ पर्यंत पाच वेळा आला. दगडी कोळसा व तेल जाळिल्याने निघणारा वायू पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवितो, आणि त्या वाढीव उष्णतेचा बहुतेक भाग समुद्र शोषून घेतो, असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे.

मग झोपडीत एक दिवा लावणारा व शंभर कारखाने चालविणारा सारखेच दोषी काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने अधिक जाळिले, त्याचे देणे अधिक. तरी आपला वाटा लहान, म्हणून तो नाहीच, असे कोणी म्हणू नये. नकळत घडलेल्या कृत्याबद्दल मनुष्यास फार दोष देता येत नाही. परंतु पाण्यात उतरून पाहणाऱ्यांनी आता आपणांस सांगितले आहे. खालच्या वाडीची बातमी वर पोहोचली, की त्या दिवसापासून वरच्याचा हिशेब निराळा होतो.