खांबाजवळची जागा

आजीच्या लाकडी पेटीच्या तळाशी चिंध्यांची एक बाहुली होती. काळ्या दोऱ्याच्या दोन टाक्यांचे तिचे डोळे, त्यांतला एक उसवलेला. ती आठवली की हल्ली माझे मन किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांकडे वळते, जिथे माझे पाऊल कधीच पडलेले नाही. जमैकाच्या या राजधानीत १९८६च्या सुमारास बालविकासाच्या अभ्यासक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली. काहींच्या घरी दुधाची भुकटी पोचू लागली, काहींकडे आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका येऊन तासभर बसू लागली. काहींना दोन्ही लाभले, काहींना काहीच नाही. सेविकेच्या पिशवीत टाकाऊ वस्तूंतून घडवलेली खेळणी असत. बाळाशी कसे खेळावे, त्याच्या हुंकाराला शब्दांनी कसे उत्तर द्यावे, हे ती आईला खेळता खेळता दाखवी आणि जाताना खेळणे मागे ठेवी, पुढच्या खेपेला ते नेऊन दुसरे देण्यासाठी.

दोन वर्षांनी ती पावले थांबली. मुले सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांना ती तासाभराची सोबत मिळाली होती त्यांच्यात चिंता आणि औदासीन्य कमी आढळले. दुधाचा मात्र मागमूस उरला नव्हता. अन्नाची महती याने तसूभरही उणावत नाही, भुकेल्या मुलापुढे खेळण्याचे तत्त्वज्ञान मांडणे हे क्रौर्यच होय. तरीही पोटात गेलेले पचून जाते आणि दोन जिवांमध्ये घडलेले इतक्या दूरवर चालत येते, या विचारापाशी मी पुन्हा पुन्हा थबकते. बाळ एकटे असे कधी नसतेच, ते कुणाच्या तरी कुशीसह असते, असे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक विनिकॉट मानत. मग त्या कुशीची विचारपूस कोणी करायची?

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवमातांना भेटून २००२मध्ये जे मांडले, ते वाचताना छातीवर दगड ठेवावा लागतो. त्यांतल्या २३ टक्के स्त्रिया प्रसूतीनंतर दीड-दोन महिन्यांतच नैराश्यात होत्या. मागे नवऱ्याचा मार होता, दारिद्र्य होते, मुलग्याची वाट पाहिली जात असताना जन्मलेली मुलगी होती. त्यांची बाळे सहाव्या महिन्यात वाढीत आणि मनाच्या विकासातही मागे पडलेली दिसली. पुढे त्याच गोव्यात ‘संगात’ संस्थेने वस्तीतल्याच साध्यासुध्या बायांना शिकवून उदास गर्भवतींच्या घरी पाठवले. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी आहे, डिंकाचे, अळिवाचे लाडू आहेत, सव्वा महिन्याची विश्रांती आहे. हे शहाणपण थोर खरे, पण पाळण्याभोवती जमलेल्या बायका आईला विचारतात ते ‘दूध पुरतंय ना?’ एवढेच.

पहिल्या बाळंतपणानंतर आजीची वाचाच बसली होती, असे तिने एकदा मला सांगितले. माहेरी माणसांचा राबता होता, लाडूंचे डबे भरलेले होते, आणि ती भिंतीकडे तोंड करून निजून राही. शेजारची एक विधवा रोज दुपारी येई. काही विचारत नसे. चिंध्यांना टाके घालत बसे, मध्येच बाळाला उचलून अलगद आजीच्या मांडीवर देई, स्वतःशी बोलावे तसे त्याच्याशी बोले. बाहुली पुरी व्हायला पाऊसकाळ सरला. आजीला त्या बाईचे नाव आठवेना. मात्र पुढे आम्ही आजीच्या माहेरच्या पडक्या वाड्यात गेलो, तेव्हा ओटीवरच्या एका खांबापाशी ती थांबली आणि बोटाने जागा दाखवून म्हणाली, “इथं बसायची गं ती.”