फोटोत नसलेल्या चपला

माझ्या लहानपणीचे फोटो फार नाहीत. त्यातल्या एकात मी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात, नवं दप्तर छातीशी धरून उभा आहे. पाय अनवाणी. फोटो बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "बिचारा, चप्पलसुद्धा नव्हती!"

चप्पल होती. त्याच महिन्यात आबांनी देवणीच्या बाजारातून आणली होती. दप्तरं वाटायला शहरातून पाहुणे आले होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "चपला जरा बाजूला काढून ठेवा रे, फोटो चांगला येईल." आम्ही काढल्या. गुरुजी काही बोलले नाहीत. आजीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग लोकाला कसं कळंल, तुझा आबा चप्पल घेतो म्हणून?"

दप्तर चांगलं होतं, तीन वर्षं टिकलं. पण आजीचा प्रश्न त्याहून जास्त टिकला.

पुढं शिकलो, पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या परदेशवारीला मित्रांसोबत कंबोडियाला गेलो. अंकोरवाट पाहून झाल्यावर गाडीवाला म्हणाला, "जवळ एक गरीब शाळा आहे, बघणार का?" वाटेतल्या दुकानातून वह्यांचे गठ्ठे घेतले. आम्ही वर्गात शिरलो तसा तास थांबला. फळ्यावर अर्धवट गणित राहिलं. मुलं उभी राहिली, त्यांनी गाणं म्हटलं. आम्ही वह्या वाटल्या, फोटो काढले.

रात्री हॉटेलात फोन चाळत होतो. चौदा फोटो होते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या पायांत चपला होत्या, हे मला नीट आठवत होतं. पण चौदातल्या अकरा फोटोंत अनवाणी पाय होते. मी कुणाला चप्पल काढायला सांगितलं नव्हतं. मी फक्त निवड केली होती.

यात नेमकं चुकलं काय? मुलं हसत होती, वह्या उपयोगाच्या होत्या, कुणाला इजा झाली नाही. मग मनाला का लागावं?

एक सोपी कसोटी लावून बघा. लातूरला एखाद्या नामवंत कोचिंग क्लासमध्ये तास चालू असताना दहा अनोळखी माणसं घुसली, मुलांना उठवून फोटो काढू लागली, तर काय होईल? घुसणारच नाहीत. गेटवरचा वॉचमनच अडवेल. पुण्यातल्या इंग्रजी शाळेत तर स्वतःच्या पोराला डबा द्यायचा तरी रजिस्टरमध्ये सही करावी लागते. मग गरिबाच्या शाळेचं दार आपल्यासाठी सताड उघडं कसं? ते प्रेमानं उघडलेलं असेलही. पण बऱ्याचदा 'नाही' म्हणणं परवडत नाही, म्हणून ते उघडं असतं. छत गळत असेल, तर पाहुण्याला 'तास चालू आहे, नंतर या' असं कोणते गुरुजी म्हणतील?

कांट या जर्मन तत्त्वज्ञाची एक शिकवण आहे : माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. त्या दुपारी ती मुलं माझ्या सहलीतल्या 'अर्थपूर्ण अनुभवा'चं साधन होती. वह्या त्याचं भाडं.

हा भाडेव्यवहार वाढला की त्याची बाजारपेठ होते. कंबोडियात पर्यटकांच्या दयेवर अनाथालयं वाढली. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं पाहणीत आढळलं. 2011 मध्ये फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेनं 'मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नव्हेत' अशी मोहीमच काढली. ऑस्ट्रेलियात 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अशा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही चर्चा झाली. म्हणजे देणाऱ्याची नजर जे शोधते, तेच तिला पुरवलं जातं. अनवाणी पाय शोधले, तर चपला काढल्या जातात.

मग बघायलाच जाऊ नये का? हेही मला पटत नाही. डोळे मिटून घेणाऱ्याचं मन स्वच्छ राहतं, पण तेवढंच.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आमच्या जिल्ह्यात देशभरातून माणसं आली. काही नुसती बघून गेली. पण भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. घर सोडून जाणं त्या मुलांना सोपं गेलं असेल असं नाही. पण तिथं बघणाऱ्यानं बघितल्याची जबाबदारी घेतली, तीही वर्षानुवर्षांची.

दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. अशा शाळेत माणूस जातो तो शिकायला जातो. शाळा तीच, जिल्हा परिषदेचीच. नजर मात्र वर बघते.

मुंबईत धारावी दाखवणारी रिअॅलिटी टूर्स ही कंपनी पर्यटकांना तिथं फोटो काढू देत नाही. नियम चांगला आहे. पण कॅमेरा खिशात ठेवला म्हणून नजर खिशात जात नाही.

आमच्या देवणीचं नाव गायी-बैलांच्या जातीमुळं सगळीकडं माहीत आहे. बाजारात बैल बघणारा माणूस मी लहानपणापासून पाहिलाय. दात मोजतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवून बघतो. मुलांना असं बघणं वाईटच. पण त्या गिऱ्हाइकाची एक गोष्ट आपल्यात नसते : दावं हातात घेतलं की उद्यापासून वैरण-पाणी त्याच्यावर असतं. आपण बैलासारखं बघतो आणि दावंही धरत नाही.

गेल्या दिवाळीनंतर एक मैत्रीण म्हणाली, "तुझी शाळा दाखव ना." आधी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर या, तास मोडू नका." गेलो. वर्गात जागा बऱ्याच रिकाम्या होत्या, काही घरं ऊसतोडीला गेली होती. थांबलेल्या मुलांनी आम्हालाच धरलं. पगार किती? लग्न झालं का? पुण्यात भाडं किती? मैत्रीण लाजली, मग हसली, मग खरं खरं सांगत बसली. त्या अर्ध्या तासात आमचीच पाहणी झाली.

निघताना एका पोरीनं विचारलं, "परत कधी येणार?"

हा प्रश्न आम्हीही दप्तरवाल्यांना विचारला होता. "लवकरच," ते म्हणाले होते. कंबोडियात एका मुलानं गाडीवाल्याकरवी मला तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं होतं.

या वेळी मी म्हणालो, "माहीत नाही. पण येणार असलो तर आधी गुरुजींना विचारीन." ती जरा हिरमुसली. मग माझ्या बुटांकडं बोट दाखवून म्हणाली, "केवढ्याला घेतले?"

मी किंमत सांगितली. ती म्हणाली, "महागात पडले."