हरलेल्या सामन्यांतील कर्तव्य

अमेरिकेंत ज्या खेळास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यांत चेंडू मुख्यतः हातानें फेंकला व वाहून नेला जातो. पंधरा पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. आणि अकरा गड्यांच्या संघाची मदार बहुधा एकावरच असते. त्यास ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. जवळजवळ प्रत्येक चढाईंत चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो. म्हणूनच प्रतिपक्षाच्या धिप्पाड गड्यांचा सारा रोख त्यास आदळून पाडण्यावर असतो. आतां अशी कल्पना करावी कीं, संघ तीस गुणांनीं मागें पडला आहे, वेळ थोडा उरला आहे, आणि पराभव समोर दिसत आहे. अशा वेळीं शिक्षकानें या हुकमी गड्यास मैदानांत ठेवावें कीं बाहेर बोलवावें? प्रश्न खेळांतला खरा. परंतु ज्याच्या हाताखालीं माणसें आहेत अशा प्रत्येकास तो केव्हां ना केव्हां पडतोच, म्हणून त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्यवहारी मनुष्याचें उत्तर तयार असतें : शिर सलामत तर पगडी पचास. त्यास अनुकूल दाखलाहि आहे. २९ सप्टेंबर २०१४ रोजीं न्यू इंग्लंड पेट्रिअट्स हा संघ कॅन्सस सिटी येथें ४१-१४ असा सपाटून हरला. शेवटच्या भागांत शिक्षक बिल बेलिचिक यांनीं टॉम ब्रेडी यांस काढून जिमी गॅरापोलो या नवख्या गड्यास खेळविलें. पुढच्याच सामन्यांत त्या संघानें सिनसिनाटीस ४३-१७ असें हरविलें आणि १ फेब्रुवारी २०१५ रोजीं अजिंक्यपद मिळविलें. उलट १६ नोव्हेंबर २०१९ रोजीं अलाबामा विद्यापीठाचा संघ ३५-७ असा पुढें असतां टुआ टॅगोवायलोआ यांचा खुबा निखळला. तेथें जय ठरलेला होता, पराजय नव्हे. परंतु ज्या धोक्यानें निकाल बदलावयाचा नाहीं तो पत्करावा कां, हा प्रश्न दोहोंकडे एकच.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, पराभव निश्चित झाला हें ठरविणारे तुम्ही कोण? ५ फेब्रुवारी २०१७ रोजीं याच ब्रेडींचा संघ २८-३ असा मागें असून अखेरीस ३४-२८ नें जिंकला. ३ जानेवारी १९९३ रोजीं बफेलोचा संघ ३५-३ असा मागें पडूनहि ४१-३८ नें विजयी झाला. आक्षेप वजनदार आहे. परंतु बफेलोचे मुख्य क्वार्टरबॅक जिम केली त्या दिवशीं दुखापतीमुळें खेळतच नव्हते. तो पराक्रम फ्रँक राइक या बदली गड्यानें केला. आशा सोडूं नये हें खरें. पण आशा एकाच मनुष्याच्या ठायीं वास करते हें खरें नव्हे.

मग हा निर्णय त्या गड्यावरच कां सोंपवूं नये? ६ जानेवारी २०१३ रोजीं वॉशिंग्टनचे रॉबर्ट ग्रिफिन आधींच दुखावलेल्या गुडघ्यानिशीं खेळत होते. आपण खेळूं शकतों असें त्यांनीं सांगितलें, शिक्षकांनीं तें मानलें, आणि शेवटच्या भागांत तो गुडघा पार निकामी झाला. तरुण, मानी खेळाडू ‘मला बाहेर घ्या’ असें सहसा म्हणणार नाहीं. म्हटलें तर भ्याड ठरेल. जें बोलण्याची त्याला सोय नाहीं, तें त्याच्या वतीनें बोलून लोकनिंदा स्वतःच्या माथीं घेणें, यासाठींच वर अधिकारी असतो.

येथवर वाट सोपी आहे. खरी अडचण पुढें आहे. हुकमी गडी बांकावर बसला तरी खेळ थांबत नाहीं. त्याच्या जागीं दुसरा जातो, आणि बाकीच्या दहांपैकीं सर्वांसच बदलतां येतें असें नाहीं. हा सामना एका मनुष्याच्या हाडांच्या मोलाचा नाहीं असें ज्यानें ठरविलें, त्यानें दुसऱ्याचीं हाडें तेथें कोणत्या न्यायानें पाठवावीं? बदली गडीहि कोणाचा तरी मुलगाच ना?

आम्हांस वाटतें, याचें उत्तर हाडांच्या किंमतींत नसून त्या मिनिटांच्या किंमतींत आहे. त्या मिनिटांत हुकमी गड्यास मिळविण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. नवख्यास मात्र आपली योग्यता दाखविण्याची तीच संधि असते. संघ हरला तरी त्याचा सामना हरलेला नसतो. परंतु त्याला खेळण्यासाठीं पाठविलें असेल तरच हें समर्थन टिकेल. केवळ ढाल म्हणून पुढें केलें असेल तर टिकणार नाहीं.

राहिले ते उरलेले गडी. त्यांना ना नवी संधि, ना विसांवा. त्यांच्यावरील अन्याय पुरता फिटत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. शिक्षकानें फार तर सोप्या चाली सांगून घड्याळ लवकर पुढें जाऊं द्यावें, आणि एकाला कां वांचविलें हें बाकीच्यांस तोंडावर सांगावें. तें सांगतांना ज्याची मान खालीं जाणार नाहीं, त्याचा निर्णय बहुधा योग्य असेल. ज्याला तें सांगवत नाहीं, त्यानें माणूस वांचविला नाहीं, आपली मालमत्ता वांचविली, असें आम्ही समजूं.